आईचं न झालेलं आजारपण

माझ्या निवृत्तीच्या निरोपसमारंभात साहेबांनी भाषणात सांगितलं, की या माणसाने आजारी आईसाठी पुण्याची मोठी जागा सोडली. टाळ्या पडल्या. मी मान खाली घातली, लोकांना तो विनय वाटला. आता आईही राहिली नाही, तेव्हा खरं सांगून टाकतो.

परीक्षा देऊन मी दुसऱ्या खात्यात वरच्या पदावर पुण्याला गेलो होतो. कोल्हापुरातली जुनी जागा नियमाप्रमाणे दोन वर्षं माझ्यासाठी राखून होती. पुण्यातलं काम मला झेपेना. माझ्याहून लहान वयाचे साहेब सगळ्यांदेखत फाईल परत करायचे. वर्षभरातच मी परतीचा अर्ज केला. परतणं माझा हक्कच होता, त्याचं कारण कुणी विचारत नव्हतं. पण जमलं नाही, हे गावात कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हणून आईने अंथरूण धरलंय, असं सांगत सुटलो.

माझ्या जागेवर तात्पुरत्या नेमलेल्या बाईंना मी परतल्यामुळे लांब चंदगडला जावं लागणार होतं. त्यांची आई राजारामपुरीतल्या घरी खरोखरच अर्धांगाने पडून होती आणि घरात करणाऱ्या या एकट्या. मला भेटायला आल्या. तुमची मुदत बाकी आहे, तेवढे महिने तिकडेच काढाल का, तोवर आईची काही सोय बघते, असं म्हणत होत्या. मी माझ्या आईचं आजारपण पुढे केलं. त्या म्हणाल्या, "मग या की सर तुम्ही. आईपुढं काय हाय?"

चंदगडला निघायच्या आदल्या दिवशी त्या मोसंबी घेऊन आमच्या घरी आल्या, आजारी माणसाला बघायला. दार आईनेच उघडलं. ती नुकतीच जोतिबाचा डोंगर चढून आली होती, कपाळभर गुलाल.

"तब्येत कशी हाय आता?" बाईंनी विचारलं.

"मला काय धाड भरलीया?" आई हसली. "आत या की."

बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं. पिशवी आईच्या हातात दिली, वाकून नमस्कार केला आणि उंबऱ्यावरूनच परत गेल्या. मी मागे गेलो नाही.

त्यांच्या आईला बिद्रीला, बाईंच्या गावाकडच्या भावाकडे ठेवावं लागलं. काही महिन्यांतच ती गेली. चंदगडहून बाई पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी भेटायलाही गेलो नाही.

बाई उंबऱ्यावरून परत गेल्या, त्या दुपारी आईने मोसंबी सोलून अर्धी माझ्या हातावर ठेवली. म्हणाली, "कोण आजारी हाय रं?"

"कुणी न्हाई," मी म्हणालो, आणि खाऊ लागलो.