पेट्रोल पिणारा ड्रायव्हर

‘गाडी नाही, हा ड्रायव्हरच पेट्रोल पितोय,’ असं डॉक्टर भरल्या दवाखान्यात म्हणाले आणि पेशंट हसले. मी दारातच उभा होतो. श्रीरामपुरात तीन वर्षं मी त्यांची गाडी चालवत होतो, त्याआधी साखर कारखान्याची जीप. एक थेंब कधी इकडचा तिकडे केला नव्हता. कंपाउंडर पुटपुटला, ‘त्या वस्तीतला हाय, आनखी काय हुनार?’ तेही मी ऐकलं.

टाकीच्या झाकणाची किल्ली डॉक्टरांच्या खिशात गेली. तरी पेट्रोल कमीच पडायचं. मग मी खालून नळी लावून काढतो, असं ठरलं. संशयाला औषध नाही, आणि हे तर स्वतः डॉक्टर.

बायको म्हणाली, ‘सोडा ती नोकरी. इज्जत न्हाई तिथं कशाला ऱ्हायचं?’

‘सोडीन,’ मी म्हणालो, ‘पन चोर म्हनून न्हाई सोडनार.’

गाडी पेट्रोल खात होती, हे मलाही दिसत होतं. पुण्याहून घेतलेली सेकंडहँड, पोटात कॉम्प्युटर असलेली नव्या पद्धतीची गाडी. त्या काळी आमच्याकडे असल्या गाड्या दोन-चारच. सायलेन्सरचं तोंड काजळीने काळं झालेलं. स्टिअरिंगसमोर इंजिनाचं चित्र असलेला पिवळा दिवा कायम पेटलेला, तर गावातल्या मेकॅनिकने त्यावर काळी चिकटपट्टी लावून दिली होती. डोळ्याला खुपतो ना, मग झाकला!

मी सुट्टी टाकून एसटीने पुण्याला गेलो. एका वर्कशॉपमधल्या म्हाताऱ्या मिस्त्रीने चहा पाजून समजावलं. इंजिनातून धूर बाहेर पडतो त्या नळीत एक सेन्सर असतो. धुरात ऑक्सिजन किती उरला ते तो कॉम्प्युटरला सांगतो आणि त्यावर कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो. शिसं घातलेलं पेट्रोल भरलं की सेन्सरवर शिशाचा थर बसतो, तो खोटं सांगू लागतो आणि कॉम्प्युटर उगाच पेट्रोल ओतत राहतो. झाकणाच्या आत ‘फक्त बिनशिशाचं’ असं इंग्रजीत लिहिलेलं होतं, ते मी डॉक्टरांना दाखवलंही होतं. पण ते फक्त नगरला मिळायचं. ‘पेट्रोल म्हणजे पेट्रोल,’ असं म्हणून त्यांनी गावातलंच भरायला लावलं होतं.

सेन्सर मी माझ्या पैशाने आणला.

काम मी मुद्दाम दवाखान्यासमोर काढलं, ऐन पेशंटांच्या वेळेला. जिथे चोर म्हणाले, तिथेच. बॉनेट उघडलं. इंजिनाच्या चार नळ्या खाली जिथे एक होतात, तिथे तो बसला होता, थेट प्लगसारखा, मागून वायर निघालेली. मदतीला आलेला गावातला मेकॅनिक म्हणाला, ‘ह्यो तर पलगच. पालिश पेपरनं घासून देतो की.’ मी त्याचा हात धरला. घासून जात असतं तर मी पुण्याला कशाला गेलो असतो?

सेन्सर गंजून घट्ट बसलेला. वायर तोडली की पाना सहज बसेल, असं मेकॅनिकचं म्हणणं. मी ऐकलं नाही. मला तो अख्खा, वायरीसकट हवा होता. पुरावा कुणी तोडतं का? जुना रिंग पाना वेल्डरकडून एका बाजूने कापून आणला, त्या फटीतून वायर आत घेतली. इंजिन तापवलं, आट्यांवर तेल सोडलं आणि दोन्ही हातांनी जोर लावला. हात भाजला. पण तो सुटला. टोकावर करड्या रंगाचा थर होता.

नवा आधी बोटांनी फिरवला, मग पान्याने आवळला, वायर जोडली. कॉम्प्युटरने जुनं विसरावं म्हणून बॅटरीची वायर थोडा वेळ काढून परत लावली. इंजिन सुरू करून दिव्यावरची चिकटपट्टी सोलली. दिवा विझला होता.

‘आता आठ दिवस नगरचंच पेट्रोल घाला आन् गाडी तुमीच चालवा,’ मी डॉक्टरांना म्हणालो, ‘मी हात लावनार न्हाई.’

आठ दिवस पेट्रोल कमी पडलं नाही. मग त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ‘झालं गेलं विसरून जा. सेन्सरचे पैसे घे.’

‘पैसे नंतर बघू, साहेब. तुमी मला चोर सगळ्यांदेखत म्हनला होता, आता ह्येबी सगळ्यांदेखतच बोला.’

‘वेडा आहेस का?’

‘व्हय.’

मी दारातून हललो नाही. बाहेर बाजाराच्या दिवशीची गर्दी ताटकळली होती. शेवटी ते उठले, बाहेर आले आणि खाली बघत म्हणाले, ‘याने पेट्रोल चोरलं नव्हतं.’

बाकावरच्या एका म्हातारीने विचारलं, ‘मंग कुनी चोरलं?’

‘कुणीच नाही, आजी. मीच गाडीत चुकीचं पेट्रोल भरायला लावत होतो.’

‘आन् मंग ह्याला चोर म्हनलं कुनी?’

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली नाही.

‘मीच म्हणालो,’ डॉक्टर म्हणाले.