चटणी जेवणात धरत नाहीत

मला डॉक्टरांनी नापास केलं त्या दिवशी मी सकाळपासून पोटात काही घातलं नव्हतं. तरी काट्यावरचा आकडा बघून नर्सबाईंनी मान हलवलीच.

माझ्या धाकट्या भावाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आई सत्तरीच्या पुढची, तिचा प्रश्नच नव्हता. त्याच्या बायकोचं रक्त जुळलं नाही. माझं जुळलं. मी एक किडनी द्यायची हे ठरायला आमच्या घरात चहा संपेपर्यंतचा वेळसुद्धा लागला नाही. वेळ लागला तो पुढं. "तुमची किडनी उत्तम आहे," डॉक्टर म्हणाले, "पण वजन फार आहे आणि साखर काठावर आहे. आत्ता काढली तर उद्या तुम्हीच माझ्या पेशंट. वजन उतरवा, साखर खाली आणा, मग बघू."

मग बघू म्हणजे कधी? भाऊ बाहेर बाकावर बसला होता. पाय सुजलेले, चपलेचे बंद उघडे. त्याला जाऊन काय सांगू? तुझ्या बहिणीचं पोट आडवं आलं म्हणून?

मी घरी शाळांचे गणवेश शिवते. आमच्या सोलापुरात या कामाला तोटा नाही. दिवसभर मशीनवर बैठक. दुसऱ्यांच्या पोरांच्या कमरा मोजत माझी पन्नाशी उलटली, पण स्वतःच्या कमरेला टेप लावायची वेळ आली नव्हती. त्या दिवशी घरी येऊन लावला आणि गपचूप गुंडाळून ठेवला. आमचे हे म्हणाले, "उगं तोंड पाडून बसू नको. जेवण कमी कर की." जेवण कमी कर की! जसं काय मशीनचं चाक आहे, हात लावला की थांबलं.

पण केलं. रात्रीचं बंद केलं, भात बंद केला, चहातली साखर बंद केली. सकाळी नुसतं लिंबूपाणी. भूक अशी लागायची की हातातलं कापड दिसायचं नाही. सगळ्यांवर खेकसत होते. दोन गिऱ्हाइकं तोडली. एक दिवस बटणं आणायला नव्या पेठेत गेले आणि दुकानाच्या पायरीवरच डोळ्यांपुढं अंधारी आली. मटकन बसले. दुकानदार बिचारा घाबरला. त्यानं गोड चहा मागवला, खारी मागवली. ती खारी मी कशी खाल्ली ते सांगायला लाज वाटते. घरी येऊन त्यावर पिठलं-भाकरी आणि पातेल्यात उरलेला होता नव्हता तो भात. पुढच्या तपासणीला वजन उलट वाढलेलं निघालं.

त्या दवाखान्यात आहाराचं बघणारी एक मुलगी आहे. वय माझ्या लेकीएवढं, पायात पांढरे बूट, बोलणं मात्र सासूसारखं.

"काकू, तुम्हाला उपाशी राहायला कोणी सांगितलं?"

"मग वजन कसं उतरायचं?"

"पोट भरून जेवून."

मला वाटलं ही माझी चेष्टा करतेय. ओठांवर आलं होतं माझ्या, पण गरज माझी होती, म्हणून गप्प बसले. ती म्हणाली, पोटाला ढीग कळतो. मूठभर फरसाण आणि पातेलंभर मेथी यांच्या कॅलरींचा हिशोब जवळपास सारखाच निघतो, पण फरसाणानं तुमचा एक कोपरा भरत नाही आणि मेथीनं तुम्ही तट्ट होता. म्हणून ताटात आधी भाजी, भरपूर, कमी तेलातली. दोडका, पडवळ, चाकवत, अंबाडी, जे मंडईत मिळेल ते. एक मोठी वाटी मटकीची उसळ नाहीतर डाळ. काकडी, मुळा. पाणीदार ताक. भाकरी एक. "आपण भाकरीला भाजी लावून खातो ना काकू? तुम्ही भाजीला भाकरी लावून खायची. आणि उठताना भूक राहिली तर परत भाजी घ्यायची, लाजायचं नाही. मला रोज ताटाचा फोटो पाठवायचा."

खरं सांगते, पोट भरायचं. दोडक्याची भाजी एवढी खाता येते हे मला या वयात कळलं. अंधारी गेली, खेकसणं कमी झालं. मी न चुकता फोटो पाठवायची. ती अंगठा पाठवायची. पहिल्या महिन्यात वजन जरासं हललं आणि मग जे अडकलं ते अडकलंच. साखर तिथंच काठावर, हटवाद्या पोरासारखी.

तिकडं भावाचं बिघडत चाललं होतं. तो गावाकडं साखर कारखान्यावर कारकून होता, डायलिसिससाठी बिऱ्हाड उचलून आमच्या शेजारच्या गल्लीत येऊन राहिला. दिवसाचं पाणी त्याला मापानं. उन्हाळ्यात जिभेवर बर्फाचा खडा ठेवून बसायचा. मधेच एखादा दिवस असा यायचा की चार पायऱ्या चढून धापा टाकायचा आणि छातीत पाणी झालं म्हणून रिक्षात घालून पळायचं. फोन वाजला की मी हातातलं काम टाकून धावायची. भाजी चिरताना, काजं करताना, आंघोळ करताना एकच डोक्यात, हा माणूस थांबलाय ते माझ्या अंगावरच्या चरबीसाठी. सकाळी काट्यावर चढायच्या आधी मी देवाला हात जोडायची. केसांची पिनसुद्धा काढून ठेवायची. आकडा तोच. मग त्या काट्याला जे काय बोलायची ते इथं लिहिण्यासारखं नाही.

आणि दर रविवारी भावजय डबा घेऊन यायची. शेंगांच्या चटणीचा, स्टीलचा, चांगला मोठा. "मिक्सरची न्हाय हं आक्का, कुटलेली हाय," असं दारातूनच सांगायची. लोखंडी खलबत्त्यात शेंगदाणे तेल सुटेस्तोवर कुटायचे म्हणजे दंड भरून येतात, हे इथल्या कुठल्याही बाईला विचारा. मी कशी नको म्हणणार? चटणी मशीनशेजारी असायची. शिवता शिवता कडक भाकरीचा एक तुकडा मोडायचा, चटणीत खड्डा करायचा, त्यात तेलाची धार धरायची आणि लावून खायचं. तोंड चालू राहतं, बस. ते काही जेवण नव्हे.

एका रविवारी दोघं आले होते. भावजय आत चहा टाकत होती, भाऊ माझ्यासमोर खुर्चीवर. शेंगदाणे त्याला बंद, केळं बंद, शहाळं बंद. ज्याला काही खाता येत नाही त्याची नजर फार बारीक होते. मी एक कॉलर उलटवत होते, बोलत होते, अधूनमधून तुकडा तोंडात टाकत होते.

"आक्का, मागच्या रविवारचा डबा संपला?"

"कवाच."

"दाजी खात्यात व्हय?"

"त्यांना कुठलं चालतंय तिखट? मूळव्याध हाय त्यांना."

त्यानं डब्यात डोकावून बघितलं. मग म्हणाला, "म्हंजे आख्खा डबा तू एकटी खातीस. त्या मॅडमला फोटोत दिसती का गं चटणी?"

"चटणीचा कसला डोंबलाचा फोटो? चटणी काय जेवणात धरत्यात व्हय?"

तो हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला आला, डोळ्यांतून पाणी आलं, आतून भावजय पळत आली. मला आधी रागच आला. इथं माझा जीव टांगणीला आणि हा दात काढतोय! मग माझं लक्ष हातातल्या तुकड्याकडं गेलं. तेल मनगटापर्यंत ओघळलेलं. आठवडाभरात किलोच्या आसपास शेंगदाणे मी तोंडी लावत होते, वरून तेल, आणि मेथीचे फोटो काढत होते. अगं बाई गं. तुकडा डब्यात टाकून मी झाकण लावलं.

त्या मुलीला फोन केला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काकू, वरून तेलपण?" मी म्हणाले, थोडंच, खड्ड्यापुरतं. "काकू, मी सांगलीची. आधी विचारायला हवं होतं मी. सोलापूरला आल्यापासून बघतेय, इथं कोणीच चटणी सांगत नाही." मग तिनं चमच्याचं माप घालून दिलं. बंद करायला सांगितलं नाही, ताटात वाढून घ्या म्हणाली, फोटोत येऊ द्या.

हे सगळं सोपं होतं. अवघड होतं ते भावजयीला सांगणं. भाऊ म्हणाला मी सांगतो, पण मी नको म्हटलं. दोन दिवस शब्द जुळवत बसले. कसंही सांगितलं तरी अर्थ एकच निघत होता. शेवटी ती गव्हाचं पीठ मागायला आली तेव्हा भडाभडा बोलून मोकळी झाले. ती ओट्याला टेकून उभी होती, तशीच खाली बसली.

"म्हंजे मीच लांबवलं हो ह्यांचं? माझ्या हातानं?"

"गप. खाल्लं मी. तू काय मला चमच्यानं भरवलंस?"

"तुमी यवडं देणार, आक्का. मी काय देऊ तुमास्नी? माझं रगात बी जुळलं न्हाय. म्हनून कुटत हुते."

मीही तिच्याशेजारी फरशीवर बसले आणि आम्ही दोघी पोटभर रडलो. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी माझ्याकडं यायला लागली. मी मशीनवर, ती विळीवर. परातभर भाजी चिरून, निवडून, फोडणीला चमचाभर तेल मोजून घालून मगच घरी जायची.

वजन उतरायला लागलं. सावकाश, पण दर तपासणीला आधीपेक्षा कमी. ब्लाउज मी आतून दाबून घेतले, मग परत दाबले. साखर काठावरून खाली आली. पण माझी धाकधूक काही गेली नाही. एखाद्या लग्नात जिलबी खाल्ली तरी मला भाऊ दवाखान्याच्या पलंगावर दिसायचा.

आणि परवा डॉक्टर म्हणाले, "पास. पुढच्या महिन्यात करून टाकू. आता वजन आणखी उतरवायचं नाही, अशक्तपणा नको. व्यवस्थित पोटभर जेवा."

बाहेर आल्यावर ह्यांनी पहिल्यांदाच चारचौघांत माझा हात धरला. संध्याकाळी भावजयीनं सगळ्यांना जेवायला बोलावलं. भावाचं त्या दिवशी डायलिसिस झालेलं, दंडाला पट्टी. माझ्यासमोर ताट आलं. दोडका, मटकी, काकडी, भाकरी, सगळं नेहमीचंच. मी घास केला, तोंडात घातला, आणि तो खाली उतरेना. चावला, परत चावला. पाण्याचा घोट घेतला. नाही. माझ्या लक्षात आलं की मी घाबरले आहे. इतके महिने मी काट्याला भीत होते. काटा नाही म्हणत होता तोवर माझं पोट कापणार आहेत हा विचार माझ्या दारात आलाच नव्हता. आता तो समोर मांडी घालून बसला.

भावानं बघितलं. त्याच्या नजरेतून काय सुटतंय?

"आक्का, भ्या वाटतंय व्हय गं?"

ह्यांनी मान खाली घातली. भावजय भाजीचं पातेलं हातात धरून थांबली. खोटं बोलता आलं असतं मला, पण घास तोंडातच होता.

"लई," मी म्हणाले.

"मग ऱ्हाऊ दे की. मी हाय तसा बरा हाय."

तोंड सुजलेलं, ओठांना भेगा, आणि म्हणे बरा हाय! मला त्याचा असा संताप आला की तो घास मी एका दमात गिळला.

"भ्या वाटतंय म्हनून सांगितलं तुला. देत न्हाय म्हनून न्हाय सांगितलं. परत असं बोललास तर थोबाडीत दीन, आजारी बिजारी बघायची न्हाय मी." आणि भावजयीकडं वळून म्हणाले, "आन् तू काय बघत हुबी ऱ्हायलीस? वाढ."

तिनं वाढलं. पळीवर पळी, इतकी की अर्धी भाजी ताटाबाहेर सांडली. मी ती सांडलेलीसुद्धा उचलून खाल्ली.