काळ्या खड्याची टोळी

पट्टी पकडण्याचा प्रयोग मी वर्गात स्वतः करून दाखवत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना तो फार आवडतो. एकाने लाकडी पट्टी वरून उभी धरायची, दुसऱ्याने खालच्या टोकापाशी अंगठा आणि बोट उघडं ठेवायचं, आणि पट्टी सुटली की पकडायची. जिथे पकडली तिथला आकडा लिहायचा. थकलेल्या माणसाच्या हातून पट्टी जास्त घसरते. दुर्गच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवायला लागल्यापासून हा तास मी सहकाऱ्याकडे देत आलो. माझा हात कापतो, असं त्याला सांगितलं आहे. हात कापत नाही. पट्टी धरली की खाली मला एका बाईची बोटं दिसतात, चुन्याने फुटलेली. त्या बाईची आज जी अवस्था आहे ती माझ्या प्रबंधामुळे झाली.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा मी नागपुरात एम.ए. करत होतो. माझे थोरले बंधू भिलाईत एका ठेकेदाराकडे हजेरी घेण्याच्या कामावर होते. हा ठेकेदार कामगारांचे क्वार्टर बांधायचा. प्रबंधासाठी सरांनी मला ऊन आणि थकवा हा विषय दिला होता. उन्हात राबणाऱ्यांना ठरावीक वेळाने मीठ घातलेलं पाणी दिलं तर थकवा कमी होतो का, एवढं तपासायचं. त्यासाठी सारख्या माणसांचे दोन गट करायचे. एकाला मीठपाणी द्यायचं, दुसऱ्याला साधं. हा दुसरा तो नियंत्रण गट. बाकी सगळी परिस्थिती दोघांना समान हवी, नाहीतर फरक कशामुळे पडला हे सांगता येत नाही. मीठपाण्याने बरं वाटतं हे घरोघरी ठाऊक असतं, पण ठाऊक असणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं, असं सर म्हणायचे. मला ते पटायचं. आजही ते मला खोटं वाटत नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी भावाच्या टिनाच्या खोलीत राहायला गेलो. विटा वाहणाऱ्या बायकांना तिथे रेजा म्हणत. बहुतेक आसपासच्या गावांतल्या होत्या, काही आमच्या भंडाऱ्याकडून आलेल्या. ठेकेदाराची परवानगी भावाने काढली. बायकांची कोणी विचारली नाही. तशी विचारायची असते हे मला कोणी शिकवलं नव्हतं, पण न शिकवताही ते कळायला हवं होतं.

गट पाडताना आपल्या मर्जीने माणसं निवडायची नसतात, म्हणून मी एका डब्यात पांढरे आणि काळे खडे टाकले आणि प्रत्येकीला न पाहता एक उचलायला लावला. बायकांना ती सोडतच वाटली. पदर तोंडावर घेऊन हसत एकेक पुढे येत होती. भंडाऱ्याकडची एक तरणी बाई होती, नवरा त्याच ठेकेदाराकडे सिमेंट कालवायच्या कामावर. तिच्या हाती काळा खडा आला. माझं बोलणं ऐकून तिने मला आपल्याकडचा म्हणून ओळखलं.

"भाऊ, काळा म्हंजे चांगलं का वाईट?"

"काही नाही. दोन्ही सारखेच."

"मंग रंग कायले दोन?"

सगळ्या हसल्या. मीही हसलो. काळा खडा म्हणजे नियंत्रण गट हे मी तिला सांगितलं नाही, कारण सांगायचं नसतं.

दुसऱ्या दिवशी एक अडचण लक्षात आली. सगळ्या बायका घरून बासी आणायच्या. रात्रीचा भात पाण्यात भिजत घातलेला, त्यात मीठ, सोबत कांदा. सकाळच्या सुट्टीत त्यातलं पाणी प्यायच्या, दुपारी भात खायच्या. आमच्याकडे तांदळाची पेज असते, तीही मीठ घालूनच. माझी आई उन्हाळ्यात पेज पाजल्याशिवाय मला शेतावर जाऊ देत नसे. म्हणजे माझ्या काळ्या खड्याच्या गटाच्या पोटात रोज मीठ आणि पाणी दोन्ही जात होतं. दोन गटांत फरकच उरत नव्हता.

मी बासी बंद केली. दोन्ही गटांची, समान. त्याऐवजी सगळ्यांना फुटाणे आणि गूळ द्यायची सोय केली. ती युक्ती सुचली तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं हेही लिहायला हवं. सरांना मी तसं पत्रही टाकलं.

बायकांमधली एक म्हातारी रेजा, छत्तीसगढीच बोलणारी, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "कस बाबू, हमर बासी ला काबर बंद करत हस? तोर का बिगाड़िस?" आमची बासी का बंद करतोस, तिने तुझं काय बिघडवलं, असं ती विचारत होती.

भंडाऱ्याची बाई म्हणाली, "राहू दे वं काकी. परीक्षा हाय साहेबाची. शाळेत नाई गेलो ना आपन, आता भोगा."

मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "भाऊ, पेज नाई तं पोटाले थंड काय?"

"थोडेच दिवस, बाई."

परीक्षा हा शब्द तिने थट्टेत वापरला असं मला वाटलं. तसं नव्हतं. ठेकेदाराच्या मुकादमाने बायकांना सांगून ठेवलं होतं की साहेब तपासणी करून राहिले, ज्या पक्क्या निघतील त्यांना कारखान्यात कायम नौकरी भेटन, ज्या ढेपाळतील त्यांची इथली हजेरीही बंद. हे मला तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळलं. मी मुकादमाला जाब विचारला तर तो म्हणाला, "अहो, असं नाई सांगतलं तं तुमची पट्टी पकडाले कोन येते?" ते खरं होतं. बायका वेळेवर येत होत्या, नीट उभ्या राहत होत्या. मी गप्प बसलो.

आज पहिल्या वर्षाच्या मुलांना मी शिकवतो की माणसाला आपण पाहिले जातो आहोत हे कळलं की तो वेगळा वागतो. आणि त्याला स्वतःबद्दल विचारलं तर तो जे सांगणं फायद्याचं आहे ते सांगतो. ही वाक्यं तेव्हाही मला पाठ होती. मी विटांच्या ढिगाशेजारी घड्याळ घेऊन बसायचो आणि बायका धावल्यासारख्या चालायच्या. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर विटांची पाटी, तशाच बांबूच्या परांचीवर चढायच्या. दर फेरीनंतर नाही, पण दिवसातून काही वेळा मी पट्टी सोडायचो आणि विचारायचो, थकवा आहे का, थोडा की फार? उत्तर एकच. "बने हन साहेब." आम्ही ठीक आहोत. भंडाऱ्याची बाई म्हणायची, "काई नाई जी." मी लिहायचो, नाही.

मे महिन्यात तिथे दुपारी लू चालते, अंग भाजणारा वारा. ज्या दिवसाबद्दल लिहितो आहे त्या दिवशी पत्र्याला हात लावला तर कातडी चिकटत होती. दुपारच्या तपासणीला ती बाई आली. मी पट्टी सोडली. ती बोटांमधून सरळ निघून खाली पडली. बोटं मिटलीच नाहीत. पट्टी पडून गेल्यावर मिटली.

"हात घामानं निसटला, भाऊ. अजून एक डाव टाका ना."

मी पट्टी उचलून दिली. पुन्हा तेच. तिचं बोट नीट धरायला म्हणून मी मनगटाला हात लावला. हात कोरडा होता. घाम नव्हता, आणि तव्यासारखा तापलेला होता. मला ते जाणवलं. काहीतरी चुकतं आहे एवढं कळलं. मीठपाण्याची घागर दहा पावलांवर सावलीत होती, तिच्यावर ओला कपडा. तिला एक गडू द्यावा असं मनात आलं, आणि लगेच दुसरं आलं की आज हिला दिलं तर आजवरचे सगळे दिवस फुकट गेले.

"थकवा आहे का, बाई?"

ती मुकादमाकडे पाहून म्हणाली, "नाई जी, काई नाई."

मी लिहिलं, नाही. दोन्ही वेळा पट्टी सुटली हेही लिहिलं. ती गेली, विटा भरून घेतल्या आणि परांचीच्या पायथ्याशी पडली. वर असती तर मेलीच असती. लोक नंतर म्हणत, नशीब.

ती पडल्यावर तिचं अंग झटके देऊ लागलं. बायका धावल्या. ती म्हातारी रेजा पांढऱ्या खड्याची होती. तिने घागर उचलून आणली, बाईचं डोकं मांडीवर घेतलं, गडू भरला, आणि मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"अब पियावन के नइ, साहेब?"

आता तरी पाजू की नको. टोमणा नव्हता तो. ती खरंच विचारत होती. तेवढ्यात नवरा धावत आला, सिमेंटने माखलेला, त्याने घागर हिसकून तिच्या अंगावर ओतली. ट्रकमध्ये घालून तिला दुर्गच्या दवाखान्यात नेलं. ती जगली.

मी आणखी आठवडाभर काम चालू ठेवलं. नागपूरला जाऊन आकडे मांडताना प्रश्न आला की तिचं काय करायचं. सर म्हणाले, जिने प्रयोग पुरा केला नाही तिची नोंद धरता येत नाही, तशी रीत आहे. ते निष्ठुर नव्हते, रीत तशी होतीच. ती पडल्यावर काळ्या खड्याच्या आणखी दोघी यायच्या थांबल्या होत्या, त्याही वगळल्या. मग काळ्या गटात उरल्या त्या फक्त दणकट बायका. दोन्ही गटांच्या सरासऱ्या जवळजवळ सारख्या निघाल्या. निष्कर्ष मी लिहिला: मीठपाण्याने थकव्यात लक्षणीय फरक आढळला नाही. प्रबंध मान्य झाला.

पुढच्या उन्हाळ्यात भावाने ठेकेदाराला विचारलं, की सगळ्या रेजांना मीठपाणी सुरू करावं का. ठेकेदार म्हणाला, "तुझ्याच भावाने तर सिद्ध केलं की काही फरक पडत नाही." भावाने हे मला पत्रात कळवलं. खाली एवढंच लिहिलं होतं की घरी सर्व कुशल. त्यानंतर आम्ही दोघे त्या विषयावर कधी बोललो नाही.

काही वर्षांनी मला दुर्गला नोकरी लागली. एकदा बाजारात तिच्या नवऱ्याने मला ओळखलं. तो आता कारखान्यात खलाशी, म्हणजे अवजड सामान हलवणारा कामगार, होता. रागाने बोलेल असं वाटलं होतं, पण तो म्हणाला, "मास्तर झाले म्हंता? या ना एक दिवस घरी. रुआबांध्याले राहातो. तिले कोनी भेटाले येत नाई."

रविवारी सायकल घेऊन गेलो. बाई दाराशी बाजेवर बसली होती. उठायला गेली तर पाय भलतीकडेच पडत होते, नवऱ्याने दंडाला धरलं. जीभ जड, एकेक शब्द ओढत बाहेर येत होता. चहा नवऱ्याने बशीत ओतून पाजला. मला वाटलं तिने मला ओळखलं नाही. मग तिने उजवा हात पुढे केला, अंगठा आणि बोट एकमेकांपासून दूर धरलं, आणि वाट पाहत राहिली. हात सारखा हलत होता. पट्टी येणार म्हणून तिची नजर त्या फटीवर खिळली होती.

नवरा म्हणाला, "हे काय करून राहिली वं?"

ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "भाऊ... मी पास... झाली का?"

तिथे जायच्या आधी मी पुष्कळ ठरवून गेलो होतो. पेज मी बंद केली, हात कोरडा लागला तरी पाणी दिलं नाही, हे सगळं सांगायचं होतं. मी म्हणालो, "हो बाई. पास झाल्या."

तिचा चेहरा इतका उजळला की मी तो पाहू शकलो नाही. परत येताना हलकं वाटत होतं. तिला एवढं तरी दिलं, असं काहीतरी मी स्वतःला सांगत होतो.

दिवाळीनंतर तिचा नवरा कॉलेजच्या फाटकाशी उभा दिसला. ड्यूटीवरून थेट आला होता.

"मास्तर, तुमी तिले पास कावून सांगतलं?"

सायकल फाटकाला टेकवून तो पुढे म्हणाला,

"रोज सकाळी वेणी घालून मागते. लुगडं नीट नेसून बाजेवर बसते. नौकरीचा कागद कवा येते मून इचारते. पास झाली ना, मंग कागद कावून नाई येत? मी काय सांगू तिले?"

"मी येतो. मी खरं काय ते सांगतो तिला."

त्याने सायकलच्या हँडलवरची धूळ पुसली.

"नको. आता नापास सांगसान तं जेवाची नाई ते. मले मायीत हाय तिचं." मग म्हणाला, "मी सांगत जाईन, उद्या येते मून. तुमी फक्त घरी येऊ नका. तुमाले पाहून तिले वाटन, कागदच घेऊन आले."

तो गेला. रुआबांध्याचा रस्ता माझ्या खोलीपासून फार लांब नाही. त्यानंतर मी त्या रस्त्याने गेलो नाही.