कानाखालचा आवाज

सात वर्षांपूर्वी मी पुणं सोडलं, त्या दुपारी दादाने माझ्या दोन्ही बॅगा स्वतः टॅक्सीच्या कॅरिअरवर चढवल्या, दोरीने आवळून बांधल्या आणि हात झटकत माझ्याजवळ येऊन उभा राहिला. बायको आणि पाच वर्षांची लेक इरा गाडीत बसल्या होत्या. मी दादाला मिठी मारली आणि त्याच्या डाव्या कानाशी म्हणालो, "दादा, तेव्हा चुकलं माझं."

तो मागे सरकला. "काय म्हणालास?"

"काही नाही. बीपीची गोळी चुकवू नकोस म्हटलं."

दादाला डाव्या कानाने ऐकू येत नाही. हे मला माहीत होतं. म्हणूनच मी तो कान निवडला होता.

आपल्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी कोणीतरी देश सोडल्याच्या आठवणी लिहितं. पहिला बर्फ, पहिली सायकल, खेमेन्टेच्या, म्हणजे डच नगरपालिकेच्या, कचेरीतला पहिला गोंधळ. मलाही तेच लिहायला सांगितलं होतं. तुमच्यापैकी बरेच जण माझ्या घरी जेवले आहेत आणि 'हा बोलत का नाही' असं माझ्या बायकोला विचारून गेले आहेत. तर आज बोलतो.

आमचे बाबा रेडिओ केंद्रात नाटकांसाठी आवाज काढायचे. हा त्यांचाच शब्द. आज पावसाचा आवाज काढला, आज बैलगाडीचा काढला. पण त्यांचा जीव होता जुन्या अमेरिकन रेडिओ-नाटकांवर. काउबॉय, शेरिफ, दारूचे गुत्ते, भर रस्त्यात पडणारे मुडदे. त्या तबकड्या केंद्राच्या कपाटात कुठून आल्या होत्या कोण जाणे. बाबांनी त्या टेपच्या स्पूलवर उतरवून घरी आणल्या होत्या. इंग्रजी त्यांना अर्धंमुर्धं कळायचं. पण घोड्यामागे फरफटत नेलेला माणूस दगडांवर आपटायला लागला की ते डोळे मिटून म्हणायचे, "ऐक, ऐक कसा मरतोय." हाड मोडलं की ते गाजर. पोटात सुरी गेली की ते कलिंगड. टापा म्हणजे वाळूच्या परातीत नारळाच्या करवंट्या. मला हे सगळं पाठ होतं. दादाला त्यात रस नव्हता. त्याला रेल्वेत इंजिन ड्रायव्हर व्हायचं होतं.

'कानाखाली आवाज काढीन' असं सगळ्याच घरांत म्हणतात. आमच्या घरी तो काढला जायचा. पट्ट्याने, चपलेने, हाताने, जे सापडेल त्याने. आमच्या पाठीवरचे वळ बघून पी.टी.चे मास्तर दुसरीकडे बघायचे.

मी सतरा वर्षांचा होतो, दादा एकोणीसचा. बाबांना अखेर तसलं एक नाटक मराठीत करायला मिळालं होतं. शेरिफचा फौजदार झाला, घोडे आणि पिस्तुलं तशीच राहिली. त्यात फौजदार एका कैद्याला मारमारून कबूल करायला लावतो. बाकी सगळं जमलं होतं, ती थोबाडीत तेवढी जमत नव्हती. ओला टॉवेल झाला, कणकेचा गोळा झाला, मांडीवर चप्पल मारून झाली. बाबा ऐकायचे आणि म्हणायचे, "ही थोबाडीत नाही, ही टाळी आहे."

त्या रविवारी मी टेपरेकॉर्डरशी बसलो होतो, माईक टेबलावर. बाबांनी टापांचं स्पूल लावलं आणि घोड्यांच्या जागी क्रिकेटची कॉमेंट्री सुरू झाली. दोन आठवड्यांचं काम पुसलं गेलं होतं. पुसलं मी होतं.

"कोणी केलं हे?" बाबांनी विचारलं.

"दादाने," मी म्हणालो.

दादा अंघोळ करून डोकं पुसत बाहेर आला. त्याला कोणी काही विचारलंच नाही. पहिली बसली तेव्हा तो अजून टॉवेलमध्येच होता. तेवढ्या एका फटक्यात मला कळलं की बाबा ज्याच्या मागे इतके दिवस लागलेत तो आवाज हाच. स्पूल काढून कोरं लावायला मला काही सेकंद लागले. दादा तोवर भिंतीशी गेला होता.

आमच्या मशीनवर रेकॉर्डिंग चुकून सुरू होत नसे. दोन बटणं एकदम दाबावी लागायची. मी ती दाबली. सुई तांबड्या रेषेच्या पलीकडे जायला लागली तेव्हा मी आवाजाची पातळी कमी केली. माईक थोडा भिंतीकडे वळवला. चार फटके टेपवर आले. चौथ्याला दादाचं डोकं खिडकीच्या गजावर आपटलं आणि आई स्वयंपाकघरातून धावत आली, "पुरे हो, मरेल तो." टॉवेलवर रक्त होतं. नाकातून येतंय असं आधी वाटलं. ते कानातून येत होतं.

आई दादाला डॉक्टरकडे घेऊन गेली. ते दोघं परत यायच्या आत मी बाबांना ती टेप ऐकवली. खुर्चीत बसून त्यांनी ती तीनदा ऐकली. मला वाटलं, आता रडतील. ते म्हणाले, "तिसरी घेऊ. स्वच्छ आहे." आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

तो हात मला आवडला. लिहायला सगळ्यात जड वाक्य हेच होतं.

नाटक लागलं तेव्हा दादा कानात कापूस घालून, उजवी बाजू रेडिओकडे करून ऐकत बसला होता. फौजदाराने कैद्याला वाजवली तसा तो माझ्याकडे बघून म्हणाला, "जमलं बाबांना." दुसऱ्या दिवशी कॉलनीत तीच चर्चा. बाबांनी त्याला सांगितलं की चामड्याच्या बॅगेवर ओला टॉवेल मारला. दादाने ते पुढे मित्रांना सांगितलं, बँकेतल्या लोकांना सांगितलं, आपल्या लग्नात सासरच्यांना सांगितलं. बँकेतल्या, कारण रेल्वेच्या मेडिकलमध्ये त्याचा कान नापास झाला होता. कानाचा फाटलेला पडदा परत धरलाच नाही. "झालं ते झालं, आता घरात आवाज नको," आई म्हणाली. मी तिचं इतकं ऐकलं की ती आणि बाबा गेल्यावरही गप्पच राहिलो.

इथे मी अ‍ॅमस्टेलव्हीनला राहतो आणि झुइडओस्टच्या ऑफिसात दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका शोधतो. मेट्रो चार मिनिटं थांबली तर लाउडस्पीकरवरून माफी मागतात. वरच्या मजल्यावरचे लोक खिळा ठोकण्याआधी चिठ्ठी टाकतात. असल्या शांततेत मी काय केलं, तर ती सगळी काउबॉय नाटकं इंटरनेटवरून उतरवून घेतली. मेट्रोत समोरची बाई विणकाम करत असायची आणि माझ्या कानात एका माणसाला खांबाला बांधून चाबकाने सोलत असायचे. गुत्त्यात बाटल्या फुटायच्या, कोणाचा तरी जबडा निखळायचा. प्रत्येक थोबाडीत मी मागे नेऊन पुन्हा ऐकायचो. शेकडो ऐकल्या. एकही खरी नव्हती.

गेल्या वर्षी इराची स्प्रेकब्यूर्ट होती, म्हणजे शाळेत वर्गासमोर उभं राहून एका विषयावर बोलायचं. तिने विषय घेतला, आजोबांचे आवाज. इंडियन दुकानातून नारळ आले, अल्बर्ट हाइनमधून गाजरं आली. जेवणाच्या टेबलावर दोन दिवस हाडं मोडत होती. मग तिने फोन स्पीकरवर टाकून दादाला विचारलं, "काका, हाऊ डिड आजोबा डू द स्लॅप?"

दादा खूश झाला. "सोप्पं आहे गं. चामड्याची बॅग घे, ओला टॉवेल घे. मनगट मात्र सैल हवं. आणि तुझ्या बापाला विचारू नकोस, त्याला यातलं काही येत नाही."

तिने माझी ऑफिसची बॅग घेतली आणि अर्धा तास टॉवेल आपटला. "पापा, दिस साउंड्स लाइक लाँड्री," ती म्हणाली. "काका इज मेकिंग इट अप."

"काका खोटं बोलत नाही."

"देन हू इज?"

त्या शनिवारी सकाळी मी दादाला फोन केला. आधी सोपं ते सांगितलं, की ती टेप मी पुसली होती. तो हसायलाच लागला. "अरे गाढवा, घरात आपण दोघं. मी पुसली नव्हती. मग काय आईने पुसली? मला त्याच दिवशी कळलं होतं." मग मी दुसरं सांगितलं. दोन बटणं, सुई, माईक, बाबांना ऐकवलेलं, सगळं. त्याच्या बाजूला कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी झाली.

"कोणती घेतली?" त्याने विचारलं.

"तिसरी."

"मी 'जमलं बाबांना' म्हणालो होतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

पुढचे सात आठवडे फोन वहिनीच उचलायची. "भावजी, ते गच्चीत आहेत." सातही आठवडे दादा गच्चीत होता. आठव्या आठवड्यात मी एकट्याचं डिसेंबरचं तिकीट काढलं.

दार त्यानेच उघडलं. माझी बॅग आत घेतली. वहिनीने पोहे आणले. मी नुसताच बघत बसलो तर म्हणाला, "खा आधी." मी खाल्ले. त्याने ताटली माझ्या हातातून घेतली, खाली ठेवली आणि म्हणाला, "ऊठ." मी उठलो. चष्मा मीच काढून टीपॉयवर ठेवला.

तो सेहेचाळीस वर्षांचा, मी चव्वेचाळीसचा. त्याने सगळा खांदा घालून मारली. ओठ दाताला लागून फाटला, तोंडात खारट झालं, एक गुडघा टेकला गेला. वहिनी किंचाळली, "अहो, वेड लागलंय का तुम्हाला." दादा उभाच होता, उजवा पंजा डाव्या हातात धरून. मग खुर्चीत बसला आणि त्याने विचारलं,

"टेपवर चार होत्या ना?"

"हो."

"उरलेल्या पुढच्या खेपेला. हात दुखतोय माझा." आणि वहिनीला म्हणाला, "याला बर्फ दे. आणि याचं अंथरूण माझ्या खोलीत घाल."

त्याने मला माफ केलं का, मला माहीत नाही. तो तसं म्हणाला नाही आणि विचारायचा हक्क माझा नाही. रेल्वेचं इंजिन त्याला कोणी परत देणार नाही. पण आता शनिवारी फोन तो स्वतः उचलतो आणि मला शिव्या देतो, पूर्वी देत नसे.

आपण इथे एकमेकांना भेटलो की विचारतो, घरी जाऊन आलास का. त्याआधीच्या सहा वर्षांत मी चारदा पुण्याला गेलो होतो, चारही वेळा भेटवस्तू घेऊन, हसत, गप्प. घरी मी पहिल्यांदा गेलो तो त्या डिसेंबरात. येत्या डिसेंबरचंही तिकीट काढलं आहे.