झावळ्यांचा रविवार

मी ख्रिस्ती नाही, पाकिस्तान पाहिलेलं नाही, आणि कॉलेजात जाणारा घरातला पहिलाच. त्यामुळे या विषयावर लिहिताना धीर होत नाही. चुकलं तर समजून घ्या.

आज ईस्टरआधीचा रविवार; या दिवशी ख्रिस्ती लोक झावळ्या घेऊन मिरवणूक काढतात. इथे स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत झावळ्या घेतलेले लोक गात रस्त्यावरून गेले आणि त्यांच्यासाठी बस निवांत थांबली. ओल्या पानांचा वास आला आणि काही वर्षांपूर्वीची इथल्याच हॉस्टेलच्या किचनमधली अशीच एक सकाळ आठवली.

माझा फ्लॅटमेट नदीम पाकिस्तानातल्या पंजाबचा, ख्रिस्ती. तिकडे चर्चवर हल्ले होतात, म्हणून या दिवशी त्याचे अब्बा गेटवर येणाऱ्यांची झडती घ्यायचे, मग मिरवणूक बाजारातून निघायची. त्या सकाळी फोनवर ते म्हणाले, "बाहेर जमाव आलाय," आणि फोन बंद झाला.

नदीम पुन्हा पुन्हा नंबर लावत होता. मी चहा पुढे केला.

"साखर विसरलास, यार."

"थांब, घालतो."

"नको. बस इथेच."

मग त्याने विचारलं, "तुमच्या गावातल्या चर्चच्या गेटवर कोण उभं राहतं?"

त्या चर्चवरून मी रोज सायकलने शाळेत जायचो, तरी मला सांगता येईना. तेव्हा वाटलं, हा वेळ काढायला बोलतोय. आता वाटतं, त्याला खरंच उत्तर हवं होतं.

दीड तासाने त्याच्या बहिणीचा मेसेज आला. अब्बा सुखरूप होते. पोलिसांनी मिरवणूक बाहेर जाऊ दिली नाही. सगळे चर्चच्या आवारातच गोल फिरले, आणि रस्त्यात कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून घरी जाताना झावळ्या आतच ठेवून गेले.