तलाव कोणी बांधला

भंडाऱ्याकडच्या गोरेगावच्या वाचनालयात मी रोज पेपर वाचायला जायचो. तिथले ग्रंथपाल कोणतीही खबर ऐकली की चष्मा कपाळावर चढवून विचारायचे, "कोण म्हणते?" लोक त्यांच्यापुढे गप्पा मारायला कचरत.

वाचनालयात कॉम्प्युटर आला तेव्हा मी त्यांना इंटरनेटवरचा ज्ञानकोश दाखवला. त्यात कोणीही लिहावं, कोणीही खोडावं. त्यांच्या गावच्या तलावाचं पान होतं, पण बांधणाऱ्याचं नाव नव्हतं. 'आमच्या पणजोबांनी बांधला,' असं त्यांनी लगेच लिहून टाकलं. दुसऱ्या दिवशी कोण्या अनोळखी माणसानं ते खोडून पुरावा मागितला होता.

मला वाटलं, आता चिडतील. ते म्हणाले, "बरोबर बोलून राहिला तो. मी कोण, त्याले काय मालूम?"

सुट्या काढून ते तीनदा एसटीनं भंडाऱ्याला गेले. तिथल्या सरकारी कचेरीतल्या जुन्या छापील अहवालात तलाव सापडला. पणजोबा गावात येण्याआधीच तो कोहळी समाजाच्या लोकांनी बांधला होता.

मी म्हटलं, "राहू द्या ना सर, कोणाले कळते?"

"मले कळलं ना," ते म्हणाले. त्यांनी कोहळ्यांचं नाव लिहिलं आणि खाली अहवालाचा पान नंबर टाकला.

आठ दिवसांनी त्यांचे मोठे भाऊ तणतणत आले. "काऊन रे, घरचंच नाव मिटवलं तुनं?"

"दादा, जुन्या अहवालात आपलं नाव नव्हतंच. झेरॉक्स दाखवू?"

भाऊ न पाहताच निघून गेले. त्या दिवाळीत ते यांच्याकडे फिरकले नाहीत. मग हेच त्यांच्या घरी गेले, पाया पडले, फराळ करून आले. लिहिलेलं मात्र त्यांनी बदललं नाही.