काकांनी तोडलेली रसद

जबलपूरला आमच्या तोफांच्या कारखान्यात भट्टी सांभाळणारे एक काका होते. धुराचा रंग पाहूनच ते ओरडत, "हवा भरपूर आहे, तरी कोळसा अर्धवट काहून जाळून राहिला, भैया?"

ऐन लढाईच्या दिवसांत त्यांच्या गळ्यात कॅन्सरची गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, या पेशी हवा असूनही साखर अर्धवट जाळतात, म्हणून भरमसाट खातात. काकांनी त्याच दिवशी साखर सोडली. "चलो, रसद तोडली!"

शरीर स्वतःच साखर बनवतं, गाठीचं जाळणं बंद पाडणारं औषध अजून शोधताहेत, हे डॉक्टरांनी परोपरीनं सांगितलं. काका वाळत गेले, गाठ वाढतच राहिली. शेवटच्या भेटीतही बिनसाखरेचा चहा पीत ते चिडून म्हणाले, "इतकी नासाडी! माझ्या भट्टीवर हिला एक दिवस टिकू दिलं नसतं."